व्हॅलेटातल्या जुन्या वाड्यात खोली घेताना

भूमध्य समुद्रातील माल्टा या बेटांच्या देशाच्या राजधानीत, व्हॅलेटात, गेल्या दशक-दीड दशकात जी लहान, आलिशान हॉटेले उघडली, त्यांतील बहुतेक नव्याने बांधलेली नाहीत. सरदारांचे आणि व्यापाऱ्यांचे जुने वाडे दुरुस्त करून त्यांत आठ, पंधरा, पंचवीस खोल्यांची ही हॉटेले केलेली आहेत. आईच्या पंचाहत्तरीनिमित्त आम्हाला, म्हणजे तिला, मला आणि माझ्या नवऱ्याला, अशाच एखाद्या घरात राहायचे होते. आई शाळेत इतिहास शिकवत असे. १५६५ चा माल्टाचा वेढा हा तिच्या आवडीचा विषय, आणि त्या वेढ्यानंतर वसलेल्या शहरात, त्या काळच्या भिंतींच्या आत झोपायला मिळावे, एवढीच तिची इच्छा होती. मात्र तिच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली आहे आणि व्हॅलेटा हे पायऱ्यांचे शहर आहे. त्यामुळे हॉटेल निवडण्याचे काम मला एखाद्या घराची खरेदी करावी तितक्या बारकाईने करावे लागले.

इथे शहराचा थोडा इतिहास सांगणे भाग आहे, कारण तिथल्या खोल्यांचे गुणदोष त्यातूनच ठरतात. ऑटोमन सैन्याचा वेढा परतवून लावल्यावर सेंट जॉनच्या पंथाचा, म्हणजे त्या काळी माल्टावर सत्ता असलेल्या ख्रिस्ती लढवय्या सरदारांच्या संघाचा, ग्रँड मास्टर (प्रमुख) जाँ द ला व्हॅलेट याने मार्च १५६६ मध्ये, समुद्रात घुसलेल्या एका उंच आणि चिंचोळ्या भूशिरावर नव्या तटबंद शहराची पायाभरणी केली. फ्रांचेस्को लापारेल्ली या इटालियन लष्करी अभियंत्याने आराखडा आखला आणि पुढे जिरोलामो कसार या माल्टी वास्तुविशारदाने शहरातील अनेक प्रमुख इमारती उभारल्या. रस्ते एकमेकांना काटकोनात छेदतात, त्यामुळे समुद्रावरचा वारा शहरभर खेळतो. परंतु भूशिराचा कणा मधोमध उंच असल्यामुळे त्यावरून जाणारे रिपब्लिक स्ट्रीट आणि मर्चंट्स स्ट्रीट हे लांबीचे रस्ते चालायला त्या मानाने सोपे आहेत, तर त्यांना छेदणारे आडवे रस्ते दोन्ही बाजूंनी बंदरांकडे उतरत जातात आणि त्यांतील कित्येकांना शब्दशः पायऱ्याच आहेत. सारे शहर लांबीला जेमतेम एक किलोमीटर असल्याने नकाशावर सगळी हॉटेले एकमेकांना खेटून दिसतात. पण दोनशे मीटरचे अंतर कण्यावरचे आहे की उतारावरचे, यावर वृद्ध माणसाचा सगळा दिवस अवलंबून असतो. म्हणून मी पहिली चाळणी लावली ती रस्त्याची. रस्त्यांची छायाचित्रे दाखवणाऱ्या नकाशावर मी प्रत्येक हॉटेलच्या दारापर्यंत पडद्यावरच चालत गेले आणि जिथे उंबऱ्यापूर्वी पायऱ्यांची रांग दिसली, ती नावे काढून टाकली. त्यांत काही अतिशय देखणी घरे होती.

दुसरी चाळणी घराच्या आतली होती आणि ती अधिक अवघड होती. या वाड्यांची रचना एकदा समजली की संकेतस्थळावरची छायाचित्रे वेगळ्या नजरेने वाचता येतात. तळमजल्यावर पूर्वी कोठारे, तबेले किंवा दुकाने असत. त्यामुळे तिथल्या खोल्या थंड, पण अंधाऱ्या असण्याची शक्यता अधिक. त्याच्यावर बहुधा एक बुटका मधला मजला असतो, जिथे नोकरचाकर राहत आणि जिथे आज छताची उंची बेताची असते. त्याच्याही वर मालकाचा मुख्य मजला: उंच छत, मोठ्या खिडक्या आणि रस्त्यावर पुढे आलेला बंदिस्त लाकडी सज्जा, ज्याला माल्टी भाषेत ‘गलारिया’ म्हणतात. सर्वांत वरचा मजला अनेकदा अलीकडे चढवलेला असतो. तिथून बंदर दिसते, परंतु जुन्या घराचा काही अंश तिथे उरलेला नसतो. हॉटेले मात्र खोल्यांना ‘डिलक्स’, ‘सुपीरियर’, ‘सिग्नेचर’ अशी नावे देतात आणि त्या नावांवरून यांपैकी काहीच कळत नाही. एकाच दराच्या दोन खोल्यांपैकी एकीची खिडकी रस्त्यावर उघडत असेल आणि दुसरीची आतल्या चौकात, जिथे दिवसा मंद उजेड आणि रात्री संपूर्ण शांतता असते. माझे स्पष्ट मत असे झाले आहे की अशा ठिकाणी हॉटेल निवडायचे नसते, खोली निवडायची असते.

त्यामुळे आरक्षणाच्या संकेतस्थळांवर तारखा टाकण्यापूर्वी मी उरलेल्या हॉटेलांना थेट पत्रे लिहिली. प्रश्न साधे होते, पण नेमके होते. लिफ्ट आहे का, आणि ती खोलीच्या मजल्यापर्यंत थांबते की त्यानंतर काही पायऱ्या चढाव्या लागतात? न्हाणीघरात शिरताना उंबरठा किंवा पायरी आहे का? शॉवर जमिनीच्या पातळीवर आहे की बाथटबमध्ये उभे राहून अंघोळ करावी लागते? खिडकी कुठे उघडते? शेजारी बांधकाम चालू आहे का? मोटार दारापासून किती अंतरावर थांबू शकते? शेजारच्या रस्त्यावर रात्री संगीत असते का? हा शेवटचा प्रश्न मी मुद्दाम घातला होता, कारण २०२२ मध्ये व्हॅलेटातील काही ठरावीक रस्त्यांवर रात्री एकपर्यंत संगीत वाजवण्यास परवानगी देण्यात आली होती आणि स्ट्रेट स्ट्रीटच्या आसपास तर जुन्या काळापासून मद्यालयांची वस्ती आहे.

उत्तरांनी निवड जवळपास आपोआप केली. एका हॉटेलने आमच्या सगळ्या खोल्या सुंदर आहेत एवढेच कळवले. दुसऱ्याने प्रांजळपणे लिहिले की लिफ्ट दुसऱ्या मजल्यापर्यंतच जाते, त्यापुढचा जिना चक्राकार दगडी आहे आणि तुमच्या आईंसाठी तो योग्य ठरणार नाही. त्या पत्राबद्दल मला आजही आदर वाटतो. तिसऱ्याने, जिथे आम्ही शेवटी राहिलो, मजल्याचा नकाशा पाठवला, मुख्य मजल्यावरच्या दोन खोल्यांवर खूण केली आणि त्यांतली कुठली सकाळी उजळ असते आणि कुठली रात्री शांत असते, हेही लिहिले. अशी घरे चालवणाऱ्या लोकांची पारख पत्राच्या उत्तरातच होते, असा माझा अनुभव आहे.

नावाजलेल्या ठिकाणांचाही मी अभ्यास केला होता. मर्चंट्स स्ट्रीटवरचे रोसेल्ली सतराव्या शतकातील वाड्यात आहे आणि त्याच्या तळघरातील ‘अंडर ग्रेन’ या उपाहारगृहाला मिशेलिनचा तारा आहे. सेंट बार्बरा बुरुजावरचे इनियाला हार्बर हाऊस ग्रँड हार्बर या बंदराकडे तोंड करून उभे आहे. पलीकडच्या काठावर, सेंग्लिआमध्ये, कुगो ग्रान माचिना हे हॉटेल ज्या वास्तूत आहे, ती १५५४ मध्ये जहाजांच्या डोलकाठ्या उचलून बसवण्यासाठी उभारलेली होती. एखाद्या यंत्राच्या घरात आज पाहुणे झोपतात, ही कल्पनाच मला विलक्षण वाटली. मात्र तिथून व्हॅलेटात यायचे तर होडी किंवा फेरीबोट, त्यानंतर चढ, असा रोजचा क्रम झाला असता. बंदरातून वर येण्यासाठी बराक्का लिफ्ट आहे, २०१२ मध्ये नव्याने सुरू झालेली, सुमारे ५८ मीटर उंचीची, आणि तिने मोठी सोय होते; तरी आईला दुपारी परत येऊन पडता यावे म्हणून आम्ही कण्यावरचेच घर धरले.

यानंतरचा टप्पा व्हिसाचा. माल्टा २००७ पासून शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे, त्यामुळे अर्ज शेंगेन व्हिसाचा आणि ज्या देशात मुक्काम सर्वाधिक त्या देशाकडे करायचा. प्रौढांचे शुल्क जून २०२४ पासून ९० युरो आहे. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा, बँकेची विवरणपत्रे, प्राप्तिकराची विवरणपत्रे, नोकरी करणाऱ्याला रजेचे पत्र, हे सर्वांना परिचित असलेले कागद लागतात. लहान हॉटेलांच्या बाबतीत एक अडचण मात्र विशेष आहे. व्हिसासाठी निवासाचे आरक्षण दाखवावे लागते, आणि थोड्या खोल्यांच्या हॉटेलांचे स्वस्त दर बहुधा परत न मिळणाऱ्या पैशांचे असतात. व्हिसा हाती येण्यापूर्वी असे पैसे भरणे शहाणपणाचे नाही. आम्ही थोडा अधिक दर देऊन ठरावीक मुदतीपर्यंत रद्द करता येईल असे आरक्षण घेतले. शिवाय आरक्षणाच्या पावतीवर फक्त माझे एकटीचेच नाव छापून आले होते. तिघांची नावे, पारपत्रांवर आहेत तशीच, मुक्कामाच्या तारखांसह हॉटेलच्या पत्रावर लिहून मागवली. अर्ज केंद्रात तोच कागद सर्वांत आधी पाहिला गेला. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि आम्ही ती मुभा पुरेपूर वापरली, कारण मे महिन्यातील खोल्या फार लवकर भरतात. उन्हाळा भर जुलै-ऑगस्टमध्ये असह्य होतो, हिवाळ्यात जुन्या दगडी घरांत ओल आणि गारठा साचतो. वसंताचा शेवट किंवा ऑक्टोबर हेच दोन काळ मला आईसाठी योग्य वाटले.

व्हॅलेटात खासगी मोटारींच्या प्रवेशावर नोंद ठेवून शुल्क आकारण्याची व्यवस्था २००७ पासून आहे आणि काही रस्ते केवळ पादचाऱ्यांचे आहेत. हॉटेलने पाठवलेली गाडी त्यामुळे दारापासून थोड्या अंतरावर थांबली, तिथे हॉटेलचा माणूस सामानासाठी उभा होता, आणि सपाट फरसबंदीवरून आई सावकाश चालत आली. दार उघडल्यावर प्रथम जाणवतो तो दगड. माल्टाचे जवळपास सगळे जुने बांधकाम ग्लोबिजेरिना नावाच्या चुनखडीच्या दगडाचे आहे, ज्याला तिथले गवंडी ‘फ्रांका’ म्हणतात. खाणीतून निघतो तेव्हा तो मऊ असतो, करवतीने कापता येतो, उन्हात मधासारखा पिवळा होतो, आणि खाऱ्या वाऱ्याने वर्षानुवर्षे झिजत राहतो. बेटावर इमारती लाकूड नेहमीच दुर्मीळ होते, म्हणून छतेसुद्धा दगडाच्या लांब फरश्यांची. या फरश्या कमानींवर किंवा थोड्याशा तुळयांवर आडव्या टाकलेल्या असतात. आमच्या खोलीत पलंगावर पडून त्या कमानी मोजता येत. भिंत इतकी जाड होती की खिडकीच्या कोनाड्यात आई आरामात बसून वाचत असे.

दुरुस्ती चांगली की वाईट, हे ओळखायला मी तिथे शिकले. ज्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा आणि आधुनिक रंग चढवला आहे, तिच्यातील ओल बाहेर पडू शकत नाही आणि मग दगडाच्या खपल्या निघतात. जिथे दगड उघडा ठेवला आहे किंवा चुन्याचा गिलावा आहे, तिथे भिंत कोरडी राहते. आमच्या खोलीत एका कोपऱ्यात गुडघाभर उंचीपर्यंत क्षारांची पांढरी नक्षी उमटली होती. व्यवस्थापिकेने ती झाकली नव्हती. दर वर्षी ब्रशने झाडून, खराब झालेला दगड कापून त्या जागी नवा बसवतात, असे तिने सांगितले. मला हे फार आवडले, कारण आलिशान हॉटेलांत दोष लपवण्याचाच खर्च अधिक होतो. लिफ्टसुद्धा जिन्याच्या दगडाला हात न लावता मागच्या लहानशा उजेडाच्या चौकात काचेच्या पेटीसारखी बसवलेली होती. ती संथ होती आणि एका वेळी दोघांपुरतीच होती, पण तिच्यासाठी चारशे वर्षांचा जिना तोडलेला नव्हता.

चौकातील फरशीवर एक जाड काच बसवली होती आणि तिच्याखाली पाण्याचे टाके दिसत होते. व्हॅलेटा वसवताना प्रत्येक घराला पावसाचे पाणी साठवण्यासाठी टाके असलेच पाहिजे, असा नियम पंथाने घातला होता. नदी नसलेल्या बेटावर आणि वेढ्याची आठवण ताजी असताना दुसरा मार्गही नव्हता. आता नळाला येणारे बरेचसे पाणी समुद्राचे खारेपण काढून मिळवलेले असते आणि त्याची चव तशी कळते. आईने त्या काचेवर उभी राहून वेढ्यातील पाण्याची हकिकत व्यवस्थापिकेला सांगितली, आणि ती बाई खरोखर खुर्ची ओढून ऐकत बसली.

आवाजाचा विषय मी सोडणार नाही, कारण दगडी भिंत आवाज अडवते, लाकडी सज्जा अडवत नाही. आमच्या गलारियाला आतून दुसरे काचेचे दार होते, म्हणून रात्री शांत झोप लागली; ते नसते तर रस्त्यावरचे प्रत्येक पाऊल ऐकू आले असते. चर्चच्या घंटा पहाटेपासून वाजतात. दुपारी बारा आणि चार वाजता वरच्या बराक्का बागेखालच्या तोफखान्यातून तोफ उडते आणि खिडक्या किंचित थरथरतात. उन्हाळ्यात गावोगावच्या संतांच्या उत्सवांत सकाळपासून आवाजी दारूकाम असते, तेव्हा आरक्षणापूर्वी आपण राहणार त्या गावाच्या उत्सवाची तारीख विचारून घ्यावी.

न्याहारीबाबत हॉटेलला आधी कळवून ठेवलेले बरे. आम्ही शाकाहारी आहोत एवढे लिहून भागत नाही. अंडे चालते का, चीजमध्ये प्राण्यांचे रेनेट (दूध विरजण्यासाठी वापरतात तो वासरांच्या वगैरे जठरातला पदार्थ) चालते का, हे स्पष्ट करावे लागते. गोझो बेटावरचे मेंढीच्या दुधाचे ‘जबेइना’ चीज रुचकर असते, पण आईने ते रेनेटमुळे नाकारले. ‘पास्तीत्सी’ या खुसखुशीत पुडीत रिकोटा चीज किंवा वाटाण्याचे सारण असते आणि तिच्या पिठात पारंपरिक पद्धतीने डुकराची चरबी वापरत, म्हणून तीही विचारूनच घ्यावी. तिला मनापासून आवडली ती ‘बिगिल्ला’, शिजवलेल्या घेवड्याच्या जातीच्या दाण्यांची लसूण आणि मिरची घातलेली चटणीवजा वाटण, आणि त्याबरोबर ‘फ्तीरा’ ही चपटी पावरोटी. न्याहारी वाढणारी मुलगी केरळची होती. आईला ती पहिल्या सकाळपासून ‘अम्मा’ म्हणू लागली आणि स्वयंपाकघरात जाऊन बिगिल्लाची वाटी न मागता भरून आणू लागली.

मुक्कामाचा शेवट आम्ही इम्दिनात केला. ही माल्टाची जुनी राजधानी, बेटाच्या मधल्या टेकडीवरचे तटबंद गाव. आत रहिवाशांखेरीज मोटारींना सहसा प्रवेश नाही आणि कायम राहणारी वस्ती काही शेकड्यांचीच आहे. तटाला लागून असलेले शारा पॅलेस हे सतराव्या शतकातील सरदारी घर दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाईदलाच्या अधिकाऱ्यांचे निवासस्थान होते. दिवसभर गाव पर्यटकांनी भरलेले असते. सायंकाळी बसगाड्या परततात आणि १७२४ च्या मुख्य दरवाजातून आत येणारी वर्दळ आटते. तेव्हा त्या गल्ल्यांतून आईला काठी टेकत, कोणाचाही धक्का न लागता फिरता आले. इथले आरक्षण महाग पडते, आणि ते ज्यासाठी घ्यावे ती गोष्ट खोलीत नाही, तर संध्याकाळ ते सकाळ या वेळेत आहे. दुपारी पोचून दुसऱ्या सकाळी लवकर निघणाऱ्याला तिचा निम्माच लाभ होतो.

हिशेबाचे थोडेसे. खोलीच्या दराव्यतिरिक्त माल्टात २०१६ पासून प्रौढ पाहुण्यांकडून रात्रीमागे एक लहानसे पर्यावरण शुल्क हॉटेलात घेतात. कार्डाने पैसे देताना यंत्र रुपयांत द्यायचे की युरोत, असे विचारते. युरोच निवडावे, कारण रुपयांचा दर तिथला व्यापारी किंवा त्याची बँक ठरवते आणि तो नेहमी आपल्या तोट्याचा असतो. माल्टात विजेची खोबणी तीन चौकोनी पिनांची, ब्रिटिश पद्धतीची आहे. मुख्य भूमीवरच्या युरोपसाठी घेतलेला जोडप्लग तिथे चालत नाही.

एक प्रश्न मला तिथे सतत पडत राहिला. विसाव्या शतकाच्या आरंभी व्हॅलेटात वीस हजारांहून अधिक लोक राहत होते. आज ती संख्या सुमारे पाच हजारांवर आली आहे. युद्धातील बॉम्बवर्षावाने आणि नंतरच्या स्थलांतराने घरे रिकामी झाली, हे खरे. ती कोसळली असती, आणि हॉटेलांमुळे त्यांची छते, सज्जे, टाकी वाचली, हेही मी डोळ्यांनी पाहिले. पण एकेका गल्लीत हॉटेले वाढली की घरभाडी वाढतात आणि उरलेलेही निघून जातात. कासा रोक्का पिक्कोला या सोळाव्या शतकातील वाड्यात सरदार कुटुंब अजूनही राहते, पाहुण्यांना घर दाखवते आणि काही खोल्या मुक्कामाला देते. तिथे युद्धकाळातील तळघरांपासून दिवाणखान्यापर्यंत वापरातले घर पाहिल्यावर, घर जपण्याची ही रीत मला सर्वांत योग्य वाटली. निघण्याच्या आदल्या दिवशी आईने त्या केरळच्या मुलीला, तू इथेच राहतेस का, असे विचारले. ती व्हॅलेटाबाहेरच्या हमरून या गावी इतर तिघींबरोबर भाड्याच्या घरात राहत होती आणि पहाटेच्या बसने व्हॅलेटात येत होती. व्यवस्थापिका मूळची व्हॅलेटाचीच. तिच्या आजीचे घर आमच्या हॉटेलपासून दोन गल्ल्या पलीकडे होते, आणि तेही आता हॉटेलसाठी विकले गेले आहे.